अणुस्कुऱ्याच्या अल्याड आणि पल्याड

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाने उरलेले आयुष्य कोठे घालवावे, हा प्रश्न आमच्या वडिलांच्या पिढीला पडत नसे. पेन्शनीचा पहिला हप्ता हाती पडला की ट्रंका आणि वळकट्या आवरून माणूस ज्या गावाहून आला होता त्या गावी परत जाई, आणि ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून, ज्या मुंबईने त्याला तीस वर्षे पोसले त्या मुंबईला नावे ठेवण्यात आपले दिवस मोठ्या समाधानाने काढी. आम्हा उभयतांपुढे मात्र हा प्रश्न एका नोटिशीच्या रूपाने आला. डोंबिवलीतील आमच्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास ठरला, घरे रिकामी करून देण्याची मुदत ठरली, मधल्या काळातील भाड्याचा आकडा ठरला, आणि तीन-चार वर्षांनी मिळावयाच्या एकोणिसाव्या मजल्यावरील घराचा रंगीत नकाशा विकासकाच्या माणसाने आणून दिला. भूमी अभिलेख खात्यात हयात घालविल्यामुळे नकाशाची मला धास्ती वाटत नाही. परंतु ज्या घराला वर आकाश आणि खाली अठरा मजल्यांची बिऱ्हाडे, यांखेरीज दुसरी चतुःसीमा नाही, अशा घरात म्हातारपणी राहावयाचे ही कल्पना दोघांच्याही गळी उतरेना. ते घर चिरंजीवांनी घ्यावे आणि आपण गाव शोधावे, असे ठरले.

उमेदवार गावे दोनच होती. एक माझे. राजापूरपासून थोड्या अंतरावर, अर्जुना नदीच्या खोऱ्यात आमचे मूळ घर आजही उभे आहे, आणि त्या जमिनीच्या सात-बाराच्या उताऱ्यावर इतर बावीस नावांच्या गर्दीत माझेही नाव आहे. दुसरे कुटुंबाचे, म्हणजे वाई. तेथे मावशीच्या घरी राहून तिने शाळेची काही वर्षे काढली होती, आणि आज तेथे मावशी नसली, मावशीचे घरही नसले, तरी मावसभाऊ आहेत. दोन्ही गावे आम्ही अनेकवार पाहिलेली होती. परंतु राजापूर पाहिलेले ते वैशाखात, आंब्याच्या दिवसांत, आणि वाई पाहिलेली ती मार्गशीर्षाच्या थंडीत, पसरणीच्या घाटाने पाचगणीला जाता-येता. एवढ्या पाहण्यावर विसंबून कायमचे ठिकाण ठरविणे म्हणजे सणाच्या पंगतीत जेवून त्याच आचाऱ्याकडे महिन्याची खानावळ लावण्यासारखे होते. म्हणून मी असे सुचविले की, दोन्ही गावांना ऐन आषाढात गाठावे. आधी राजापुरी उतरावे, तेथून आल्या वाटेने परत न फिरता अणुस्कुऱ्याचा घाट चढून देशावर जावे, आणि कऱ्हाडवरून वाईस पोचावे. कुटुंबाने माळ्यावरच्या छत्र्या खाली काढल्या, यावरून प्रस्ताव मंजूर झाला असे मी समजलो.

दिव्याहून सुटणारी सावंतवाडीची गाडी ही डोंबिवलीकर कोकण्याची हक्काची गाडी होय. माझे वडील भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसत आणि मुसाकाजीच्या बंदरात उतरून पुढे खाडीने मचव्यातून येत; मी तरुणपणी रात्रभर एस.टी.त बसून, कशेडीच्या वळणांवर जीव मुठीत धरून येत असे. आणि १९९८ साली कोकण रेल्वे राष्ट्राला अर्पण झाल्यापासून हा प्रवास इतका सुकर झाला आहे की, त्यात सांगण्याजोगे काही घडेनासे झाले. पावसाळ्यात मात्र ही रेल्वे आपले वेळापत्रक बदलते व गाड्यांचा वेग मुद्दाम कमी करते, कारण डोंगर कापून काढलेल्या खिंडींमधून केव्हा दरड खाली येईल याचा नेम नसतो. त्यामुळे खिडकीशी बसणाऱ्याला लाभ असा होतो की, भाताची लावणी करणारी माणसे, त्यांच्या डोक्यावरची इरली आणि प्लॅस्टिकचे कागद, गढूळ पाण्याने भरलेली खाचरे, हे सर्व त्याला अगदी सावकाश, जणू पायी चालल्याप्रमाणे पाहता येते. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटर लांबीचा बोगदा लागतो. त्यात शिरताना बाहेर रिमझिम होती आणि बाहेर पडलो तो धो धो पाऊस. राजापूरचे स्थानक गावापासून चांगलेच दूर आहे, आणि स्थानकावरच्या रिक्षावाल्याला पावसाच्या जोरावर भाडे ठरविण्याची कला अवगत आहे.

राजापूर हे आज दहा हजारांच्या आतबाहेर वस्तीचे गाव आहे. परंतु एके काळी त्याची गणना पश्चिम किनाऱ्यावरच्या नामांकित पेठांत होत असे. इंग्रजांनी सतराव्या शतकाच्या मध्याला येथे वखार घातली, ती काही येथली हवा चांगली म्हणून नव्हे. घाटमाथ्यावरून अणुस्कुऱ्याच्या वाटेने बैलांच्या तांड्यांवरून उतरणारा माल आणि खाडीने आत येणारी गलबते, यांची गाठ याच गावात पडत असे. पन्हाळ्याच्या वेढ्यात या वखारीच्या इंग्रजांनी सिद्दी जौहराच्या बाजूने तोफा डागल्या, आणि शिवाजी महाराजांनी १६६१ साली राजापूर मारून, वखार खणून, हेन्री रेव्हिंग्टन व त्याच्या साथीदारांना कैदेत टाकून त्याची फेड केली. पुढे खाडी गाळाने भरत गेली. वर डोंगर उघडे पडले, पावसाने माती खाली लोटली, आणि जेथे मोठी गलबते लागत तेथे भरतीच्या वेळी होडी लागणेही दुरापास्त झाले. एखाद्या गावाचे वैभव शत्रूने लुटले तर त्याची बखर होते. गाळाने बुजविले तर कोणी दखलही घेत नाही.

आमच्या घरी पोचलो तेव्हा दादा, म्हणजे माझे थोरले चुलतबंधू, पडवीत कंदील पुसत बसले होते. वीज दुपारीच गेली होती. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, मंगळुरी कौले, पावसाच्या बाजूने पडवीला बांधलेले झावळ्यांचे आडोसे, माजघरात वाळत घातलेली धोतरे आणि चुलीच्या धुराचा वास, असे ते घर मी वैशाखात कधीच पाहिले नव्हते. वैशाखात आम्ही खळ्यात झोपत असू. आता खळे म्हणजे एक तळे होते. आमच्या हिश्शाची म्हणून जी पश्चिमेकडची खोली समजली जाते, तिच्यात वहिनींनी दोन घमेली आणि एक पितळी पातेले मांडून ठेवले होते, आणि छपरातून गळणाऱ्या पाण्याचे ठिबकणे रात्रभर निरनिराळ्या सुरांत ऐकू येत होते. दादांची मुले पुण्याला आणि मुंबईला. घरात ती दोघेच, आणि एक मांजर.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी पावसाची स्तुती केली. अशी स्तुती करणे हा पाहुण्याचा धर्मच आहे. वहिनी आमसुलाचे सार वाढीत होत्या, त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही येता आंब्याच्या दिवसांत. तेव्हा विहिरीचा तळ दिसत असतो. तुम्ही असेपर्यंत पाणी कमी पडले नाही असे तुम्हांला वाटते. तुम्ही गेलात की आमच्या वाटची एक आंघोळ वाढते." त्यांच्या बोलण्यात राग मुळीच नव्हता. त्यामुळे ते मला अधिक लागले.

या गोष्टीचा उलगडा त्या घराच्या भिंतींतच आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. एवढा पाऊस ज्या भूमीवर पडतो तेथे चैत्र-वैशाखात टँकर फिरतात, हे देशावरच्या माणसाला सांगितले तर त्याला थट्टा वाटेल. परंतु कोकणचा सडा हा जांभ्याचा. जांभा सच्छिद्र असतो. पाणी वरून ओतावे आणि खालून वाहून जावे, अशी त्याची रचना. शिवाय सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचा उतार इतका अरुंद आणि तीव्र की, घाटमाथ्यावर पडलेले पाणी अर्जुनेसारख्या नदीतून पाहता पाहता खाडीला मिळते. जमिनीला ते धरून ठेवण्याइतकी उसंतच मिळत नाही. राजापूरजवळ उन्हाळे येथे जी प्रसिद्ध गंगा अकस्मात प्रकट होते, चौदा कुंडांतून वाहते आणि मनास येईल तेव्हा अंतर्धान पावते, तिच्याविषयीही जाणते लोक जमिनीखालच्या पोकळ्यांचे आणि वक्रनलिकेचे तत्त्व सांगतात. भाविकांना ते पटत नाही. मला दोन्ही पटते. ज्या भूमीत पाणी कोठे जाते ते कळत नाही, तेथे ते कोठून तरी वर येते याची पूजा करणे हा अगदी सयुक्तिक व्यवहार आहे.

तिसऱ्या प्रहरी दादांच्या औषधांसाठी आम्ही दोघे बाजारात गेलो. अर्जुना आणि कोदवली या दोन नद्या गावाशीच एकत्र येतात, आणि पाऊस जोराचा झाला म्हणजे जवाहर चौकात पाणी भरते. हे वर्षानुवर्षे चालत आलेले असल्यामुळे त्याविषयी कोणी तक्रारीच्या सुरात बोलत नाही. आम्ही गेलो तेव्हा पाणी चौकाच्या खालच्या अंगाला आले होते. व्यापारी आपापल्या दुकानांतील साखरेची आणि तांदळाची पोती माळ्यावर चढवीत होते, आणि त्यांची ही हालचाल इतकी सरावाची, इतकी बिनबोभाट होती की, एखाद्या नाटकमंडळीने अंक संपल्यावर पडदे गुंडाळावे तसे ते दृश्य दिसत होते. औषधाच्या दुकानदाराने गोळ्या देता देता खालच्या कपाटाचे खण रिकामे केले. दादांना हृदयाचा विकार आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांना एका रात्री जास्त वाटू लागले, तेव्हा रत्नागिरीला न्यावे की कोल्हापूरला यावर शेजाऱ्यांचा विचारविनिमय झाला. रत्नागिरीच्या रस्त्यावर झाड पडले होते व घाटात धुके होते. शेवटी ज्या वाटेने गाडी निघाली ती वाट बरी निघाली. दादा हे सांगत होते तेव्हा त्यांच्या आवाजात ना भय होते ना फुशारकी.

माझ्या धंद्याचा दोष म्हणा, पण त्या रात्री कंदिलाच्या उजेडात मी उताऱ्यांची पिशवी सोडून बसलो. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, कुळकायद्याने १९५७ साली कुळे मालक झाली, आणि आमच्या पणजोबांच्या नावे जे काही होते त्यातले घर, घरठाण, आंब्या-काजूची काही कलमे आणि थोडा वरकस कातळ, एवढेच शिल्लक उरले. प्रत्येक पिढीत वारसांचा फेरफार होत गेला. वाटप मात्र कोणी केले नाही. जमीन महसूल संहितेच्या ८५व्या कलमाखाली तहसीलदारांकडे अर्ज करावा, सर्व हिस्सेदारांना नोटिसा जाव्यात, त्यांपैकी एक बडोद्याला, एक कॅनडात आणि एकाचा पत्ताच नाही, मग हरकती, मग मोजणी, मग पोटहिस्से. दुसऱ्यांच्या अशा प्रकरणांवर मी नोकरीत असताना कितीएक शेरे मारले आहेत. वाटप झालेच तर माझ्या वाट्याला येणारा तुकडा कागदावर दाखविता येईल, त्यावर उभे राहता येईल की नाही याची शंका आहे. आणि वाटप न करता पश्चिमेकडच्या खोलीवर नवे छप्पर घालावे, तर ते तेवीस जणांच्या मालकीचे. जुन्या काळच्या दप्तरात काम केलेला माणूस हे पक्के जाणतो की, उताऱ्यावर नाव असणे ही एक गोष्ट आणि वहिवाट असणे ही दुसरी. ते घर माझे आहे हे सरकारला मान्य आहे. परंतु त्या घराचा केर गेली चाळीस वर्षे वहिनींनी काढला आहे, विहिरीतला गाळ दादांनी उपसून घेतला आहे, आणि गडगा कोसळला तेव्हा तो पुन्हा रचण्याची मजुरी त्यांनी भरली आहे. मी तेथे कायमचा राहावयास गेलो तर दादा आनंदाने जागा देतील, यात मला तिळमात्र शंका नव्हती. आणि त्यांचा तो आनंद रोज घेत राहणे मला झेपेल की नाही, याची शंका त्या रात्रीपासून सुरू झाली.

निघतेवेळी वहिनींनी आठळ्यांची पिशवी दिली. ओणी मागे टाकून पाचलकडे जाणारी एस.टी. पावसातून चालली तेव्हा कुटुंब बराच वेळ काही बोलले नाही.

अणुस्कुरा हा फोंडा किंवा आंबा यांसारखा गाजलेला घाट नव्हे. त्याला हॉटेले नाहीत, पाहण्याच्या जागांचे फलक नाहीत, आणि पावसाळ्यात धबधबे पाहावयास येणारी तरुण मंडळी सोडली तर त्याच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. परंतु राजापूरच्या बंदराचा सगळा भूतकाळ याच चढावरून गेला आहे. पाचल सोडल्यावर डोंगराची भिंत समोर येते, ढगात शिरते, आणि गाडीही तिच्या मागोमाग ढगात शिरते. मग खिडकीबाहेर पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही, फक्त दोन्ही अंगांनी पाण्याचा आवाज येतो. कंडक्टर खिडकीशी उभा राहून चालकाला वळणांची सूचना देत होता. माथ्यावर गाडी क्षणभर थांबली. येथे पडणाऱ्या पावसाचा एक थेंब पश्चिमेला ओघळला तर दिवस मावळण्यापूर्वी कदाचित अरबी समुद्र गाठील. दोन हातांवर पूर्वेला पडलेला थेंब ओढ्यातून, ओढ्याच्या नदीतून कृष्णेच्या पोटात जाईल, आणि कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळेल. भूगोलाच्या पुस्तकात हे मी शाळेत असताना वाचले होते. त्या दिवशी ते मला वाचल्यासारखे वाटले नाही.

मग पाऊस विरळ होऊ लागला, आणि ही त्या प्रवासातली पाहण्यासारखी गोष्ट. मलकापुरापर्यंत छत्री मिटवता आली नाही. त्यापुढे पाऊस भुरभुर झाला. त्यापुढे रस्ता ओला, पण आकाश कोरडे. आणि कऱ्हाडच्या जवळ येईपर्यंत शेतकरी पेरणी करून ढगांकडे पाहत उभे होते. शंभर-सव्वाशे किलोमीटरांच्या आत आम्ही पाण्याच्या अतिरेकातून त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या मुलखात आलो. आणि तरीही कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना दुथडी भरून एकमेकींच्या समोर येत होत्या, कारण दोघींचाही उगम महाबळेश्वरच्या पठारावरचा आहे. तेथे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. खाली पाऊस पडो वा न पडो, वरच्याची मिळकत त्यांच्या खाती जमा होत राहते. वाईला त्या पावसाचा सातवा-आठवा हिस्साही पडत नाही, आणि तरी वाईला नदी आहे. ज्या गावी पाऊस पडतो तेथे वैशाखात तहान, आणि ज्या गावी तो बेताचा पडतो तेथे घाटाच्या पायऱ्यांना पाणी! ईश्वरी न्यायाची मांडणी पुष्कळदा आमच्या खात्याच्या जमाबंदीसारखी असते. आकारणी एका गावी आणि वसुली दुसऱ्याच गावी.

पाचवड फाट्यावरून वाईच्या रस्त्याला लागलो तेव्हा मेव्हण्यांची मोटार घ्यावयास आली होती. कुटुंब पुढच्या आसनावर बसले आणि दिसेल त्या प्रत्येक डोंगराचे नाव सांगू लागले: हा वैराटगड, तो पांडवगड. मी तिला एवढ्या उत्साहाने बोलताना बऱ्याच दिवसांत ऐकले नव्हते.

वाईचे वर्णन करण्याचा मोह आवरणे कठीण आहे, आणि तो आवरण्याचे विशेष कारणही मला दिसत नाही. कृष्णेच्या काठाने आळीमागून आळी आणि प्रत्येक आळीचा आपला घाट. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, रामडोह, भीमकुंड, अशी नुसती नावे घेत गेले तरी नदी डोळ्यांसमोरून वाहत जाते. माघापासून प्रत्येक आळीत पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव होतो. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी महाराजांना यश यावे म्हणून केलेल्या अनुष्ठानाशी परंपरा त्याचा संबंध जोडते, आणि खानाचा तळ १६५९ साली वाईतच पडला होता हे लक्षात घेता ती परंपरा निराधार वाटत नाही. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ नदीच्या अगदी पात्रालगत आहे. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची केली आहे, ती शोभेसाठी नाही. पुराचे पाणी तिच्यावर येऊन दुभंगावे आणि दोन बाजूंनी निघून जावे, अशी त्या कारागिराची योजना. राजापूरच्या चौकात पाणी आले की पोती वर चढवितात. वाईच्या रास्त्यांनी गणपती जेथल्या तेथे ठेवला आणि पाण्यालाच वाट काढून दिली. अर्थात राजापूरच्या वाण्यापाशी रास्त्यांची सावकारी नव्हती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

आणि हे रास्ते तरी कोण? मूळचे वेळणेश्वरचे, म्हणजे आमच्या बाजूचेच. तीन किलोमीटरांवरच्या मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि चंद्रकोरीच्या आकाराचा घाट आहे. ते भानूंचे घराणे वेळासचे. त्याच घाटावरच्या देवळात जी पंचधातूची घंटा टांगलेली आहे, ती वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधून आणलेली. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू यांची आकृती आहे, आणि १७०७ हे साल. मी ती घंटा पूर्वीही पाहिली होती. या खेपेस मात्र माझ्या मनात आले की, घाट चढून कोकण्याने वाईला येऊन राहणे यात नवे असे काहीच नाही. अडीचशे वर्षांपूर्वीच माणसे आली, त्यांच्या मागून घंटादेखील आली.

विद्येच्या बाबतीत या गावाचा अधिकार मोठा आहे. केवलानंद सरस्वतींची प्राज्ञ पाठशाळा येथलीच. विनोबा भावे येथे काही काळ शिकले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी येथे राहिले आणि मराठी विश्वकोशाचे कार्यालय त्यांनी मुंबईच्या सचिवालयाच्या सावलीत न ठेवता वाईत आणले. ज्या गावात अकारापासून ज्ञकारापर्यंतच्या नोंदी लिहिण्यात पंडितांच्या पिढ्या खपल्या, त्या गावात निवृत्त कारकुनाला वाचावयाला काही मिळणार नाही ही भीती नाही. टिळकांच्या नावाच्या ग्रंथसंग्रहालयात मी एक सकाळ बसलो; पावसाच्या दिवशीही वर्तमानपत्रांच्या मेजाभोवती जागा नव्हती, आणि एका गृहस्थाने माझ्याकडे अशा दृष्टीने पाहिले की, मी त्यांची ठरलेली खुर्ची घेतली आहे हे मला न सांगता समजले.

परंतु वाईच्या अडचणीही पाहावयाच्या होत्या. शनिवार-रविवारी पाचगणी-महाबळेश्वरकडे जाणाऱ्या मोटारींची रांग गावातून सरकत असते आणि रस्ता ओलांडण्यास म्हाताऱ्या माणसाला कोणाची तरी दया यावी लागते. चित्रपटवाल्यांना हे घाट फार आवडतात. 'गंगाजल' चित्रपटात वाईने बिहारचे काम केले आहे आणि 'स्वदेस'मध्ये मेणवलीने उत्तर हिंदुस्थानातल्या खेड्याचे. चित्रीकरण असले म्हणजे आपल्याच घाटावर जावयास मज्जाव होतो, असे मेव्हणे हसत हसत सांगत होते. वर धोमचे धरण झाल्यापासून नदी आता पाटबंधारे खात्याच्या हुकमाने वाहते. उन्हाळ्यात पाणी तुंबते, त्यावर जलपर्णी माजते, गटारांचे पाणी त्यातच मिसळते, आणि संध्याकाळी घाटावर बसावयास गेलेले लोक नाकाला पदर किंवा रुमाल लावून परततात. कुटुंबाच्या आठवणीतल्या कृष्णेत मुली पोहत असत. रामडोहाच्या पायऱ्यांवर ती बराच वेळ उभी राहिली; नंतर मला म्हणाली, "येथे मी माहेरवाशीण आणि तुमच्या गावी सून. कौतुक दोन्हीकडे चार दिवसांचे. पाचव्या दिवसापासून जेथे दवाखान्यात चालत जाता येईल आणि भाजी आपल्या हाताने निवडून आणता येईल, तेथे राहू या." एवढ्या मोजक्या शब्दांत निकाल लिहिणारा अधिकारी मला माझ्या सेवेत भेटला नाही.

मधल्या आळीतील एका जुन्या वाड्याचा माडीवरचा भाग भाड्याने मिळण्यासारखा होता. मी मिळकतपत्रिका मागवून घेतली, बोजा पाहिला, आणि निळ्या पूररेषेच्या बाहेर घर किती आहे हे नकाशावर पट्टी ठेवून मोजले. घरमालकाला हा भाडेकरू भलताच चिकित्सक वाटला असावा. अकरा महिन्यांचा करार, अनामत, पाण्याची वेळ सकाळी. माडीच्या सज्जातून नदीचा एक तुकडा दिसतो. विकत घेण्याचा विचार आम्ही केला नाही. मालकी हक्क पुष्कळ झाले. तेवीस जणांत मिळून का होईना, एक घर माझ्या नावे आहेच. उरलेल्या वर्षांत वहिवाट तेवढी साधावयाची. रोज त्याच वाटेने भाजीला जावे, त्याच मेजावर वर्तमानपत्र वाचावे, पूर आला तर इतरांबरोबर घाटावर जाऊन पाणी कोणत्या पायरीला लागले ते पाहावे, आणि काही वर्षांनी कोणी नवखा येऊन माझ्या खुर्चीवर बसला तर त्याच्याकडे तशाच दृष्टीने पाहण्याचा अधिकार कमवावा, एवढी महत्त्वाकांक्षा आहे.

दादांना फोन करून हे कळविताना मला थोडा संकोच वाटत होता. ते म्हणाले, "बरे केलेस. औषधपाण्याची सोय आहे." आणि लगेच, जणू एवढ्यासाठीच ते माझ्या निर्णयाची वाट पाहत होते, कामाचे बोलू लागले. पडवीचे वासे कुजले आहेत, पाऊस संपताच बदलावयाचे आहेत, त्यासाठी सर्व हिस्सेदारांची संमती लेखी गोळा करीत आहेत, खर्चाचा हिशेब मागाहून येईल. मी संमतिपत्र लगेच धाडतो म्हणालो. "ते टपालाने चालेल," दादा म्हणाले. "यंदा गणपतीची पाळी आपल्या घराकडे आहे, ते टपालाने चालावयाचे नाही."

वाईच्या स्थानकावर चौकशीच्या खिडकीत विचारले, तर राजापूरला थेट गाडी नाही. कऱ्हाडला बदला, मलकापूरला बदला, पुढचे तेथे विचारा, असे उत्तर मिळाले. मोदकांसाठी तांदळाची पिठी येथून न्यावी काय, असे कुटुंबाने वहिनींना फोनवर विचारले. पिठी घरची आहे, नारळ आहेत, वाटेत कऱ्हाडला उतरणारच आहात तर गूळ तेवढा तिकडचा आणा, असा निरोप आला.